बाराव्या तळाची पाटी

१

पावसाळा उलटला, की पेंटर डोंगरावर पाट्या रंगवायला जायचा. एकोणीस वर्षं त्याचा हा नेम होता. सरकारी जंगल होतं ते. खाली फाटक, फाटकाशी नाका आणि कचेरी; वर पायवाटा, ओढा आणि तंबू ठोकायच्या जागा. शहरातली माणसं पाठीवर घर बांधून यायची, दोन दिवस दगडगोट्यांवर झोपायची, कंबर धरून परत जायची आणि याला सुट्टी म्हणायची. आपण कशाला बोला.

तंबू ठोकायच्या जागांना कचेरीत 'तळ' म्हणत. तळ अकरा. प्रत्येकाच्या तोंडाशी एक पत्र्याची पाटी: पिवळी जमीन, काळी अक्षरं, खाली बाण आणि तीन छोटी चित्रं, म्हणजे नळ, झाड, तंबू. पेंटर जुना रंग खरवडायचा, प्रायमर मारायचा, वर पिवळा द्यायचा. तो वाळला की खडूत घोळलेली दोरी ताणून टिचकी मारायचा, आणि रेघ अशी सरळ उमटायची की सरकारी कारभारात तेवढंच काय ते सरळ. अक्षर तर विचारू नका. त्याच्या हातचं 'शौचालय'सुद्धा माणसं उभं राहून वाचत, घाई नसेल तर. चित्रांत मात्र त्याचा हात कच्चा होता. नळ आणि झाड जमायचं. माणूस कधी जमला नाही.

कचेरीतला हेडक्लार्क म्हणजे त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. घरी तो 'भावजी' म्हणायचा आणि कचेरीत 'पेंटर'. हे काम आपणच लावून दिलं, असं तो दर भेटीत सांगायचा. पेंटर विसरेल अशी भीती त्याला नव्हती, स्वतः विसरेल अशी असावी.

त्या वर्षी नवे पत्रे आले, ते बारा.

"एक जास्त आहे," पेंटर म्हणाला. "तळ अकरा आहेत."

"कागदावर बारा आहेत."

"मग वर चला, दोघं मोजू."

"पेंटर, कागद सोडून डोंगर मोजत बसलो तर मी कचेरीत कशाला हवा? बारा लिहिलेत, बारा लावा. बाराही पाट्यांचे फोटो द्या."

दुसरा कोणी असता तर जास्तीचा पत्रा घरी नेऊन कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला असता. पण पेंटर होता खोडकर आणि त्यातून दुखावलेला. असा माणूस काम नीट करायला लागला की समजावं, काहीतरी शिजतंय. त्यानं बारावी पाटी सगळ्यांत देखणी लिहिली. 'तळ क्रमांक बारा. पाणी, सावली, शांतता.' नळ, झाड, तंबू काढले, आणि वर चौथं चित्र आपल्या मनानं घातलं: 'या' म्हणून हात उंचावलेला एक हसरा माणूस. पण माणूसच तो, चुकलाच. उंचावलेल्या हाताचा अंगठा डोक्याकडे हवा होता, तो बाहेरच्या बाजूला गेला. त्यामुळे तो माणूस तळवा नाही, हाताची पाठ दाखवून बोलावतोय असं दिसायला लागलं. पेंटरानं पाहिलं, म्हणाला, "चालेल."

अकराव्या तळाच्या पुढं वाट संपते. तिथं काटेरी झुडपं आणि झुडपांमागे घरापेक्षा उंच, सपाट काळा कडा. पेंटरानं पाटी तिथं ठोकली आणि बाण झुडपात सोडला. शहरातले चार लोक काट्यात शिरतील, कड्यावर नाक आपटतील आणि खाली येऊन हेडक्लार्काची शोभा करतील, एवढाच त्याचा बेत. कधी एकदा तक्रार येते असं त्याला झालं.

२

तक्रार आली नाही.

दोनेक महिन्यांनी हेडक्लार्कानं त्याला कचेरीत बोलावलं आणि अभिप्रायाची वही पुढे सरकवली. "वाचा. अकराच आहेत म्हणत होता ना?"

पेंटरानं वाचलं. 'तळ बारा उत्तम. पाणी गार, सावली दाट. शेजारच्या तंबूतली माणसं फार मायाळू.'

त्याला वाटलं, कोणीतरी आपला गुरू भेटला. आपण खोटी पाटी लावली, त्यानं खोटा अभिप्राय लिहिला. मनातल्या मनात त्यानं त्या माणसाला सलाम ठोकला आणि पान उलटलं. पुढच्या पानावर आणखी एक होता. 'तळ बारा. आग्रह करून ठेवून घेतलं. निघवत नव्हतं.' त्याच्या पुढं आणखी एक, बाईच्या हातचा: 'शेजारी अगदी आमच्यासारखेच आहेत.'

"अगदी आमच्यासारखेच," पेंटरानं मोठ्यानं वाचलं.

"मग? सुशिक्षित लोक येतात तिथं," हेडक्लार्क म्हणाला. "आता तर बाराच मागतात सगळे."

पेंटर नाक्यावर आला. तिथं एक मावशी बसायची. येणारी जाणारी माणसं मोजून पाटीवर खडूनं रेघा मारणं हे तिचं काम, आणि प्रत्येक रेघेमागे एक टोमणा मारणं ही तिची हौस.

"मावशी, बारा नंबरला गेलेली माणसं परत येतात ना?"

"येतात की. चार गेली, चार आली. सहा गेली, सहा आली. का, तुम्हाला काय गिळायला ठेवलंय तिथं?"

"नाही, सहज."

मावशीनं खडू खाली ठेवला. "एक सांगू का? जाताना माणसं कशी जातात? तू दोरी विसरलीस, तू डबा विसरलास, बायको नवऱ्याला झापतेय, नवरा मोबाईल हवेत धरून उभा. आणि मी तर त्यांना माणूस वाटतच नाही, खांब वाटते. बारावरून परत येतात ती मात्र शहाणी होऊन येतात. भांडण नाही, तंडण नाही. मला थांबून हात करतात."

"मग बरंय की."

"बरंच आहे. फक्त हात असा करतात."

मावशीनं हात उंचावला. हाताची पाठ पेंटराकडे होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर वर गेला. बरोबर डबा नाही, ब्रश नाही. कारण विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

पाटी जागेवर होती. झुडपं मात्र बाजूला झाली होती. तोडलेली नव्हती. रोज माणसं गेली की गवत कसं दबतं, फांद्या कशा वाकून सवय लावून घेतात, तसं झालं होतं. एका माणसापुरती वाट पडली होती. पेंटर त्या वाटेनं गेला. दोन मिनिटांत कडा आला. वाट कड्यापाशी डावीकडे वळली नव्हती, उजवीकडेही वळली नव्हती. घराच्या दारापर्यंत येते तशी सरळ येऊन संपली होती.

कड्याच्या पायथ्याशी खुंट्यांची भोकं होती. एक नायलॉनची निळी दोरी होती, तंबूला ताण देतात तसली. तिचं एक टोक खुंटीला बांधलेलं. दुसरं टोक दगडात गेलं होतं.

फट असणार, पेंटर मनाशी म्हणाला. कोणीतरी दोरी फटीत खोचली असणार. त्यानं जवळ जाऊन बोटानं चाचपलं. फट लागली नाही. लागली असेल, पण बोटाला कळली नसेल. त्याचं वय झालं होतं आणि टर्पेंटाइननं बोटांची कातडी बधिर झाली होती, हेही खरं. त्यानं दोरी धरून हलकेच ओढली.

पलीकडून कोणीतरी तितकीच हलकी ओढली. गाठ नीट बसली का, हे बघायला ओढतात तशी.

पेंटरानं दोरी सोडली. ताणलेली दोरी सोडली की मागे जातेच, तो स्वतःला म्हणाला. हे त्यानं डोंगर उतरताना अकरा वेळा म्हटलं, आणि प्रत्येक वेळी त्याला आठवलं, की आपण सोडायच्या आधी ती ओढली गेली होती.

तेव्हाच पाटी काढायला हवी होती. चार बोल्ट, एक पाना, पाच मिनिटांचं काम. पण पाटी काढायची तर कारण द्यावं लागणार, आणि कारण द्यायचं तर मेहुण्यापुढं उभं राहून सांगावं लागणार, की मी खोटी पाटी लावली. पेंटरानं ते पुढच्या आठवड्यावर टाकलं. आठवडे काय, ते येतच असतात.

४

आता पेंटराच्या लेकीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे आहे.

एकुलती एक, आणि तोंडाची अशी, की लहानपणी शेजारी तिला गोळी देऊन गप्प बसवायचे. ती गोळी खायची आणि मग बोलायची. बापलेकीचं फार सूत होतं. ते बिघडलं लग्नात. हॉलच्या दाराशी नवरानवरीच्या नावाची पाटी लावतात, ती बापानं स्वतः रंगवली. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'वधू: आमची. वर: चालेल.'

सगळा हॉल हसला. नवऱ्याकडचे तेवढे हसले नाहीत. नवऱ्याची आई जी रुसली ती रुसलीच, आणि लेकीला सासरी पहिलं वर्ष काय भोगावं लागलं, ते तिलाच ठाऊक. तेव्हापासून ती बापाशी सरळ बोलत नसे. आईला फोन करायची आणि मोठ्यानं सांगायची, "त्यांना म्हणावं, तुमच्या थट्टेनं एक दिवस कोणाचं तरी वाटोळं होणार आहे." पेंटर शेजारी बसून ऐकायचा. खरं सांगायचं तर तो त्या फोनची वाट बघायचा. शिवी का असेना, पोस्टात त्याच्या नावानं पडत होती.

तर एका शनिवारी सकाळी पेंटर नाक्यावरची दरपत्रकाची पाटी रंगवत होता. गाडी थांबली. आतून लेक उतरली, मागून जावई, पाठीवर तंबू. बिचारा जावई खरंच 'चालेल' असाच होता. त्याचा त्यालाही आक्षेप नव्हता.

"मामानं बुकिंग दिलंय," लेक मावशीला म्हणाली. बापाकडे तिनं खांबाकडे बघावं तसं बघितलं. "बारा नंबर."

पेंटराच्या हातातला ब्रश पाटीवर फिरला आणि आकड्यावरून काळा फराटा गेला.

"बारा नको," तो म्हणाला. "चार घ्या. ओढा जवळ आहे."

"यांना सांगा, आम्हाला बारा मिळालाय," लेक जावयाला म्हणाली. जावयानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"तिथं तळ नाही," पेंटर म्हणाला. "कधीच नव्हता. पत्रा जास्त आला होता म्हणून मी पाटी लिहिली. तुझ्या मामाची जिरवायला. तिथं नुसता कडा आहे."

आता ती त्याच्याकडे वळली. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याच्याशी बोलली.

"म्हणजे तो पन्नास माणसांचा अभिप्राय खोटा, मामाचा कागद खोटा, आणि खरे तेवढे तुम्ही?"

"या वेळी खरंच सांगतोय."

"बाबा, तुम्ही खरं सांगता तेव्हा कसं ओळखायचं, ते एकदा पाटीवर लिहून लावा. म्हणजे आमची सोय होईल."

मावशी फिदीफिदी हसली. पेंटर हसला नाही. त्यानं लेकीचा दंड धरला. त्याच्या हातचा काळा रंग तिच्या बाहीला लागला.

"सोडा," ती म्हणाली. "नवा शर्ट आहे. माझी एक तरी चांगली गोष्ट तुमच्या रंगातून वाचू द्या." आणि जाता जाता उजवा तळवा त्याच्या तोंडासमोर धरून हलवला. पुरे, म्हणायची तिची ही लहानपणापासूनची रीत. पाच बोटं पसरलेली, तळवा सरळ समोरच्याच्या नाकावर.

५

पेंटरानं आधी मेहुण्याचे पाय धरायचं ठरवलं. कचेरीत जाऊन सगळं सांगितलं. हेडक्लार्कानं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"भावजी," तो म्हणाला. कचेरीत पहिल्यांदाच भावजी म्हणाला. "तळ नसेल तर माणसं राहून कुठं येतात?"

पेंटर वर निघाला. त्याचा एक गुडघा जायबंदी होता. वळणावळणावर त्याला ती दोघं दिसायची, मग नाहीशी व्हायची. अकराव्या तळापाशी त्यानं वर बघितलं, तर जावयाच्या पाठीवरचा तंबूचा गोळा पाटीपाशी वळत होता. दोनशे पावलं असतील मध्ये. त्यानं हाक मारली. लेकीनं मागं न बघता तळवा हलवला.

तो कड्यापाशी पोहोचला तेव्हा तिथं कोणी नव्हतं.

भर दुपार होती. ऊन डोक्यावर, झुडपांची सावली त्यांच्याच बुंध्यात गोळा झालेली. लपायला जागा नाही. डावीकडे जाऊन आला, काटे. उजवीकडे जाऊन आला, उतार आणि काटे. एखादी दुसरी वाट असेल, त्यानं विचार केला. आपल्याला एकोणीस वर्षांत दिसली नाही, एवढंच. शहरातल्या माणसांना दिसते. त्यांची नजर निराळी असते.

तो कड्याला पाठ टेकून बसला. दगड उन्हानं तापलेला हवा होता, तो अंगाइतका कोमट होता. आतून, फार लांबून, आवाज आला.

"अरे, ती दोरी अशी नाही, अशी ओढ. दोन हात दिलेत ना देवानं?"

लेकच ती. पेंटराचा जीव भांड्यात पडला. तिचं तोंड चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे. तो कान लावून बसला. तिनं तंबूवरून झापलं, पाण्यावरून झापलं, सासूवरून झापलं आणि मग बापाचा विषय काढला. पेंटर गालाखाली हात घेऊन, मान तिरकी करून, गाणं ऐकावं तसं ऐकत राहिला. तास दीड तास तो तसा बसला असेल.

"आणि त्या माणसाला एवढंही कळलं नाही, की लग्न माझं आहे, त्याची थट्टा..."

एवढ्यावर आवाज थांबला. कोणी तोडला नाही. नळ बंद करावा तसा थांबला. 'थट्टा'च्या पुढचा शब्द आलाच नाही. मग पुष्कळ माणसं एकदम हसली. मोठ्यानं नाही. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून हसतात, तेवढंच.

पेंटर कड्यावर मुठी मारत राहिला. संध्याकाळी फाटक बंद करायच्या वेळी मावशीनं वरपर्यंत माणूस पाठवला, त्यानं याला हाताला धरून खाली आणलं.

६

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला दोघं आली. हसत आली. मावशीनं दोन रेघा खोडल्या. गेली दोन, आली दोन.

बाहीवर पेंटराच्या बोटांचा काळा डाग होता. पेंटरानं आधी तो बघितला. डाग तोच होता. शर्ट तोच होता. कपाळावरचा लहानपणचा व्रण त्याच जागी होता.

"बाबा," लेक म्हणाली. "किती दमलात तुम्ही. बसा ना."

पेंटर बसला.

"मी काल उगाच बोलले. आणि ती लग्नातली पाटी आठवली बघा. वर, चालेल. किती छान थट्टा केली होती तुम्ही." आणि ती हसली. जावईही हसला. दोघं एकाच वेळी थांबली.

"काय झालं तिथं?" पेंटरानं विचारलं.

"काही नाही. शेजारी फार चांगले आहेत."

"कोण शेजारी?"

"आमच्यासारखेच," जावई म्हणाला. जावयाचं आयुष्यातलं हे पहिलं पूर्ण वाक्य असावं.

गाडी निघाली. खिडकीतून दोन हात बाहेर आले. दोन्ही हातांची पाठ पेंटराकडे होती.

त्यानंतर ती दर रविवारी यायला लागली. आईला स्वयंपाकात मदत, बापाच्या गुडघ्याला तेल. मामाला फोन करून चौकशी. सासूबद्दल चांगले चार शब्द. पेंटर मुद्दाम चहा तिच्या साडीवर सांडायचा, ती म्हणायची, "असू दे, बाबा." एकदा त्यानं तिच्या देखत तिच्या नवऱ्याला 'चालेल' म्हणून हाक मारली, ती गोड हसली. तो घरभर फिरून तिला चिडवायच्या युक्त्या शोधायचा, आणि प्रत्येक युक्तीनंतर तिच्या कपाळाला आठी पडते का, ते बघत बसायचा.

"ही आपली नाही," तो एकदा बायकोला म्हणाला.

बायको भाजी चिरत होती. विळी थांबली. "दोन वर्षं देवापुढं डोकं आपटलं मी, पोरीच्या तोंडाला लगाम दे म्हणून. आता दिला, तर तुम्हाला बघवत नाही?"

"तिचं हसू बघ. नवऱ्याबरोबर थांबतं."

"संसार म्हणतात त्याला. तुम्हाला कुठून कळणार," बायको म्हणाली आणि विळी पुन्हा चालू झाली. भाजी चिरता चिरता ती गुणगुणत होती. किती वर्षांनी गुणगुणत होती, ते पेंटराला ठाऊक होतं.

७

महिनाभरानं तो पाना घेऊन वर गेला.

दुपारचे चार वाजले होते. पाटीवर धूळ बसली होती, हसरा माणूस मात्र स्वच्छ होता. पेंटरानं पहिला बोल्ट ढिला केला. दुसरा केला. पाटी एका अंगाला कलली, बाणाचं टोक जमिनीकडे गेलं, आणि वाटेवरचं दबलेलं गवत एकेक काडी करत उठायला लागलं.

आतून हाक आली. "बाबा."

रविवारची हाक नव्हती ती. चिडकी होती. दार आतून अडकलं आणि बाहेर कोणी हसतंय, अशा वेळी मारतात तशी.

तो गुडघा विसरून धावला. ऊन कलतं होतं आणि कड्यावर तिरकं पडलं होतं. कडा कड्यासारखा दिसेना. पलीकडे दिवा ठेवून पडदा धरला की दिसतं, तसं दिसायला लागलं. तंबू होते. पुष्कळ. सगळे पिवळे, डब्यातल्या पिवळ्या रंगाचे, त्यानं स्वतः दोन हात मारले होते तोच पिवळा. तंबूंसमोर माणसं रांगेनं बसली होती, त्याच्याकडे पाठ करून, सगळ्यांची मान एकाच बाजूला कललेली. त्यांच्यामध्ये एकटी उभी होती ती लेक. तोंड उघडं, कपाळाला आठ्या. शब्द ऐकू येत नव्हते. उजवा हात उंचावून ती हलवत होती. पाच बोटं पसरलेली. तळवा त्याच्याकडे.

बसलेल्यांपैकी एकानं हात वर करून तिचं मनगट धरलं. हलकेच. मायेनं.

मग ऊन सरकलं, आणि दगड दगड झाला.

पेंटरानं खांदा लावून ढकललं. डोकं लावून ढकललं. मग त्याच्या ध्यानात आलं, की इथं जी माणसं आत गेली ती पाटी वाचून गेली. तो मागं आला, पाटीसमोर उभा राहिला आणि डोळे भरून वाचली. 'तळ क्रमांक बारा. पाणी, सावली, शांतता.' आहे, तो म्हणाला. तळ आहे. नळ आहे. झाड आहे. डोळे मिटून, हात पुढं करून तो चालत गेला. तळहाताला दगड लागला. पुन्हा मागं गेला, पुन्हा वाचली, पुन्हा आला. दगड. साऱ्या जगानं त्या पाटीवर विश्वास ठेवला होता. ठेवता येत नव्हता तो एकालाच, कारण अक्षर त्याचं होतं.

अंधार पडायच्या आत त्यानं दोन्ही बोल्ट परत आवळले. गवत हळूहळू खाली बसलं. त्यानं आणखी एकेक फेरा दिला, घट्ट.

८

आता पेंटर रिटायर व्हायच्या वयाचा झालाय, पण होत नाही. बाकीच्या अकरा पाट्या वर्षातून एकदा रंगवतो. बारावी दर महिन्याला. रंग पोपडला, गंज चढला, एखादं अक्षर पुसट झालं, तर वाट बुजेल म्हणून. हसऱ्या माणसाला तेवढा ब्रश लावत नाही. त्याला लावावाच लागत नाही.

माणसं येतात. पेंटर पाटीखाली बसलेला असतो, मांडीवर चिंधी, हातात ब्रश. भांडत येणारी माणसं त्याला जास्त आवडतात.

परवा असंच एक जोडपं आलं. बाई पुढं, नवरा मागं.

"खुंट्या कोण घेणार होतं? मी का तुझी आई?"

"मला वाटलं तू घेतल्यास."

"तुला वाटतं. तुझं वाटण्यातच आयुष्य जाणार. काका, बारा नंबर हाच का?"

"तिथं काही नाही हो," पेंटर म्हणाला. "मीच खोटी पाटी लावलीय."

हे तो प्रत्येकाला सांगतो. एकदाच सांगतो. आणि असं डोळे मिचकावून, दात काढून सांगतो, की आजवर कोणी खरं मानलेलं नाही.

"काका थट्टेखोर दिसतायत," नवरा हसला.

"आहेच मी. पण एक निरोप न्याल का? आत एक पोरगी भेटेल. तोंडाची फटकळ. तिला म्हणावं, बाबा पाटी ताजी ठेवतोय. आणि ती काय म्हणते ते येताना मला सांगा. शिवी दिली तर शिवी सांगा. जशीच्या तशी."

निरोप सगळे नेतात. परत आले की पेंटर उठून उभा राहतो. विचारतो, "भेटली? काय म्हणाली?" आणि सगळे एकच सांगतात, "हो, भेटली ना. फार गोड मुलगी आहे हो तुमची." आणि हाताची पाठ दाखवून उतरायला लागतात. तो खाली बसतो, पुढच्यांची वाट बघतो. कोणीतरी एक शिवी घेऊन येईल.

"सांगते," बाई म्हणाली. "पण फटकळ म्हणजे किती फटकळ? माझ्यापेक्षा?"

"तुमच्या तोडीची."

"मग जमेल आमचं," ती म्हणाली, आणि नवऱ्याला पुढं घालून वाटेला लागली. दहा पावलांवर वळून तिनं हात केला. पाच बोटं, तळवा बाहेर.

पेंटरानं तो तळवा नीट बघून घेतला.